हेडर लावू की बीडाचे मॅनिफोल्ड ठेवू? जुन्या मसल कारवर या चुका टाळा

जुनी शेवेल, कॅमॅरो किंवा रोड रनर अशी ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी दारात आली की महिन्याच्या आत हेडरची, म्हणजे बीडाच्या मॅनिफोल्डऐवजी इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पोलादी नळ्यांची, ऑर्डर गेलेली असते. इंजिनचं कॉम्प्रेशन तपासलेलं नसतं, कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारा दांडा) कोणता आहे ते माहीत नसतं, मागचे पाइप गंजून अर्धे बुजलेले असतात. चकचकीत नळ्यांचं खोकं मात्र गॅरेजमध्ये हजर. पुढच्या बहुतेक कटकटी या घाईतून येतात. हेडर वाईट नाहीत, पण ज्या इंजिनला त्यांची गरज नाही त्यावर ते लावले की पैसे, वेळ आणि बोटांची सालं तिन्ही जातात.

इंजिन न बघता हेडर घेणं

आधी हेडर नेमकं काय करतो ते समजून घ्या. स्मॉल-ब्लॉक शेवीची (शेव्हरोलेच्या लहान व्ही-8 इंजिनाची) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. म्हणजे 5 नंतर लगेच 7 पेटतो आणि हे दोन्ही सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला एकमेकांना खेटून आहेत. साध्या लॉग (ओंडक्यासारख्या सरळ) मॅनिफोल्डमध्ये 7 चा एक्झॉस्ट वाल्व उघडतो तेव्हा 5 चा अजून पुरता मिटलेला नसतो, त्यामुळे 7 चा दाब 5 मध्ये उलटा घुसतो. लाँग-ट्यूब हेडर प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देतो. शिवाय या नळ्या जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी तयार होणारी कमी दाबाची लाट मागे येऊन सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते.

ही ओढ उपयोगी पडायला इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व काही काळ एकत्र उघडे असावे लागतात. कंपनीच्या सौम्य कॅममध्ये हा काळ फार थोडा असतो. म्हणून टू-बॅरल कार्ब्युरेटर, मूळ कॅम आणि एकेरी पाइप असलेल्या 307 किंवा 350 घन इंची शेवी इंजिनावर हेडर लावून हाती पडतो तो मुख्यतः आवाज. अशा गाडीला आधी दोन्ही बाजूंनी अडीच इंची पाइप, मध्ये जोडनळी आणि मोकळे मफलर द्या. शेवीवर कॉर्व्हेटचे रॅम्स हॉर्न नावाचे बीडाचे मॅनिफोल्ड, त्यातही अडीच इंची तोंडाचे, मिळाले तर रस्त्यावरच्या गाडीला ते पुरतात. क्रायस्लरच्या 383 आणि 440 ला एचपी (हाय परफॉर्मन्स) मॅनिफोल्ड होते. पाँटियाकला रॅम एअर मॅनिफोल्ड होते आणि ते नव्याने ओतलेलेही मिळतात. कंपनीच्या अभियंत्यांनी हे ताकदीच्या इंजिनांसाठीच बनवले होते. बीड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी आधी ते हातात घेऊन आतून बघावेत.

कॅम बदललाय, हेड (वाल्व असलेला इंजिनचा वरचा भाग) चांगले आहेत, इंजिन 5,500 आरपीएमच्या पुढे फिरतं, तर मात्र हेडर घ्या आणि लाँग-ट्यूबच घ्या. ब्लॉकला चिकटून बसणारे आखूड हेडर चांगल्या मॅनिफोल्डपेक्षा फारसं जास्त देत नाहीत. त्यांचा खरा उपयोग जागा नसेल तिथे.

नळीच्या मापात हाव नको. सौम्य ते मध्यम 350 ला 1⅝ इंच. कॅम आणि हेड बदललेल्या शेवीच्या 383 स्ट्रोकरला (जास्त स्ट्रोकची क्रँक घालून वाढवलेल्या 350 ला) 1¾. बिग-ब्लॉकला 1⅞ ते 2. गरजेपेक्षा मोठ्या नळीत धुराचा वेग पडतो आणि सिग्नलवरून निघतानाचा जोर जातो, म्हणजे रोज जो वापरायचा तोच. जाडीही विचारून घ्या. 18 गेजचे हेडर स्वस्त पडतात, पण 16 किंवा 14 गेजची नळी आणि ⅜ इंची फ्लँज (हेडला बोल्टने बसणारी पट्टी) असेल तर वर्षानुवर्षं गॅस्केटचं दुखणं मागे लागत नाही. पातळ फ्लँज दोन बोल्टांच्या मध्ये वाकते आणि तिथूनच गळते.

मॅनिफोल्डसोबत काय काय निघणार हे न बघणं

सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. 327 इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरच्या एका 1968 च्या शेवेलचं उदाहरण घ्या, कारण तिच्यात सगळंच घडलं. मालकाने एका शनिवारी मॅनिफोल्ड काढले आणि हेडर बसवायला घेतले. पहिला अडथळा अल्टरनेटरचा. या वर्षापर्यंतच्या शेवीवर अल्टरनेटरचा खालचा आधार ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅनिफोल्डवर असतो. हेडरवर तो कान नव्हता. ब्रॅकेट हेडला लावावं म्हटलं तर 1968 पर्यंतच्या स्मॉल-ब्लॉक हेडच्या टोकांना ती भोकंच नसतात, ती 1969 पासून आली. वॉटर पंपाच्या आणि हेडरच्या बोल्टवर बसणारं ब्रॅकेट मागवावं लागलं आणि गाडी आठवडाभर जॅकस्टँडवर राहिली.

पुढे क्लचचा झेड-बार (पेडलचा जोर क्लचकडे नेणारा दांडा) नळीला घासू लागला. मालकाने नळी हातोड्याने चेपली. थोडंसं चेपलेलं चालतं, पण क्लच दाबल्यावर दांडा किती पुढे येतो ते न बघता चेपली, म्हणून महिनाभरात पुन्हा घासली.

खरी गंमत पुढेच होती. गाडी सुरू झाली, पण पहिली दहा मिनिटं काळा धूर आणि पेट्रोलचा वास. कार्ब्युरेटर उघडला, जेट बदलले, फ्लोट बदलला, शेवटी कार्ब्युरेटरच नवा आणला. दोष तिथे नव्हताच. या इंजिनात चोकची धातूची गुंडाळी इनटेक मॅनिफोल्डच्या खळग्यात बसते आणि खालून जाणाऱ्या गरम धुराने तापून चोक उघडते. हा गरम धूर तिकडे वळवायचं काम पॅसेंजरच्या बाजूची हीट रायझरची झडप करते. हेडर लावताना ती झडप निघून गेली, खळगा नीट तापेना आणि चोक कितीतरी वेळ मिटलेलाच राहू लागला.

इलाज सोपा आहे: इलेक्ट्रिक चोक. पण त्याची वायर इग्निशन कॉइलच्या प्लसवरून घेऊ नका. तिथे रेझिस्टर वायर किंवा बॅलास्टमुळे पूर्ण 12 व्होल्ट येत नाहीत, चोक अर्धवट उघडतो आणि तुम्ही पुन्हा कार्ब्युरेटरच्या मागे लागता. चावी चालू असतानाच पूर्ण व्होल्टेज देणारं टोक फ्यूज बॉक्सवर शोधा. हेडर लावल्यावर मिश्रण थोडं पातळ होतं हेही खरं, पण जेट बदलायची वेळ चोक ठीक झाल्यावर येते. स्पार्क प्लग काढून रंग बघा, मग एकदोन नंबर मोठा जेट घाला.

मॅनिफोल्ड ठेवणाऱ्यांनीही हीट रायझर तपासावा. इंजिन थंड असताना त्याचं वजन बोटाने हललं पाहिजे. बंद अवस्थेत अडकला तर त्या बाजूचा बराचसा धूर कार्ब्युरेटरखालून जातो. इनटेकचा रंग जळतो, पेट्रोल उकळतं आणि गाडी दम टाकते. ग्रॅफाइटवालं भेदक तेल घालून दांड्याच्या टोकावर हलके ठोके द्या. सुटला नाही तर बदला.

ऑर्डर देण्याआधी गाडीखाली झोपून बघायच्या गोष्टी: स्टार्टर, ऑइल फिल्टर, स्टिअरिंग बॉक्स, क्लचचे दांडे. क्रायस्लरवर टॉर्शन बार. 1965 ते 1970 च्या मस्टँगला पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा सिलिंडर आणि त्याचा कंस. 390 किंवा 428 ची मस्टँग असेल तर शॉक टॉवर आणि हेड यांच्यामधली फट बघा. तिथे इंजिन माउंटवरून उचलल्याशिवाय हेडर जात नाही. एका दुपारचं काम असं कुणी सांगितलं तर त्याने ते केलेलं नाही.

मोपारचे (क्रायस्लरचे) सीलंटविना कोरडे स्टड

क्रायस्लरच्या 318, 340 आणि 360 मध्ये एक्झॉस्टचे टोकाचे स्टड थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात. हे माहीत नसलेला माणूस स्टड फिरवतो आणि कूलंट अंगावर येतं. ते तरी बरं, कारण निदान कळतं. नवा स्टड आट्यांना सीलंट न लावता बसवला तर गळती बारीक होते. कूलंट हळूहळू कमी होतं, गरम मॅनिफोल्डवर पडून गोड वास आणि पांढरी वाफ येते. मग हेड गॅस्केट गेलं असं ठरवून लोक हेड उतरवतात. हेड उतरवण्याआधी टोकाच्या स्टडभोवतीचा हिरवट-पांढरा थर बघायला दोन मिनिटं लागतात.

रीत अशी: रेडिएटरमधलं पाणी आधी काढा, भोकातले आटे टॅपने साफ करा, स्टडला टेफ्लॉनयुक्त थ्रेड सीलंट लावा आणि रात्रभर राहू द्या. मॅनिफोल्ड लावताना मूळ शंकूच्या आकाराचे वॉशर आणि नट वापरा. तापल्यावर लांब होणाऱ्या बीडाला सरकायला जागा मिळावी म्हणून ते तसे दिलेत. नट 15 ते 20 फूट-पाउंड, त्यापुढे नाही. साधे वॉशर घालून करकचून आवळलं की टोकाचा कान तुटतो.

जुने मॅनिफोल्ड उपटून काढणं आणि तसेच परत लावणं

पन्नास वर्षं तापलेला बोल्ट लांब पान्याच्या जोरावर सुटत नाही, तुटतो. बहुतेक वेळा मागच्या टोकाचाच, जिथे ड्रिल पोचत नाही. कामाच्या तीन दिवस आधीपासून रोज भेदक तेल सोडा. इंजिन कोमट असताना हात घाला, बोल्ट आधी किंचित आवळा आणि मग सोडा. अडला की मागेपुढे करत तेल देत राहा. तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच बोल्ट अर्धा मोकळा होतो. हा तीन दिवसांचा धीर ज्यांना नाही त्यांची हेड मशीन शॉपमध्ये जातात.

निघालेला मॅनिफोल्ड सरळ पट्टीवर धरा आणि फीलर गेज घाला. 10 थाऊची (इंचाच्या शंभराव्या भागाची) पाती आत जात असेल तर पृष्ठभाग मशीनवर सरळ करून घ्या. वाकलेल्या मॅनिफोल्डखाली दोन गॅस्केट घालणं हा इलाज नाही. तडा मात्र ग्राइंडर लावण्याआधी शोधा. तार-ब्रशने घासा, पातळ तेल लावून पुसा, वर खडूची पूड टाका. तडा असेल तिथे रेघ उमटते. बीडाचं वेल्डिंग आधी तापवून, निकेल रॉडने आणि सावकाश थंड करून होतं, घरच्या मिगने नाही.

काही मॅनिफोल्ड इंजिनवरून काढल्यावर आकसतात आणि टोकाची भोकं जुळत नाहीत. भोक मोठं करण्याआधी मधले बोल्ट हाताने लावून टोकं सरकवून बघा.

कॉर्व्हेट एनसीआरएसच्या (जुन्या कॉर्व्हेट मूळ रूपात जपणाऱ्यांच्या संस्थेच्या) परीक्षणाला न्यायची असेल तर हेडरचा प्रश्नच उरत नाही. मॅनिफोल्डचा कास्टिंग नंबर गाडीला साजेसा आणि ओतल्याची तारीख इंजिन जोडल्याच्या आधीची हवी. काढलेले जुने मॅनिफोल्ड कुणाच्याही गाडीचे असोत, तेल लावून जपा. भंगारात घालणाऱ्यांना पुढचा मालक माफ करत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

पाँटियाकला हेडर किंवा मॅनिफोल्ड मागवण्याआधी हेडची एक्झॉस्ट तोंडं बघा. 1969 च्या जीटीओत रॅम एअर III ला डी आकाराची, रॅम एअर IV ला गोल. फोर्ड 351 क्लीव्हलँडमध्ये टू-व्ही आणि फोर-व्ही (टू-बॅरल आणि फोर-बॅरल कार्ब्युरेटरच्या) हेडची तोंडं वेगळी.

साध्या पोलादाच्या हेडरला कापडी पट्टी गुंडाळू नका. ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते. मिशिगन-ओहायोकडच्या आपल्या मंडळींनी मिठाच्या रस्त्यावर गाडी काढायचीच असेल तर सिरॅमिक कोटिंग घ्या, नाहीतर मॅनिफोल्ड ठेवा.

नव्या फ्लॅट-टॅपेट कॅमचं ब्रेक-इन नव्या कोटिंगच्या हेडरवर करू नका. 2,000 ते 2,500 आरपीएमवर वीस-तीस मिनिटांत कोटिंग जळतं. त्या दिवसापुरते जुने मॅनिफोल्ड लावा.

गरम गाडीचा स्टार्टर फिरेनासा झाला तर बॅटरी बदलण्याआधी नळी आणि सोलेनॉइड यांतलं अंतर बघा. छोटा गिअर-रिडक्शन स्टार्टर घेतला की बहुतेकदा सुटतं.

प्लगच्या वायरचं बूट (रबरी टोपी) नळीपासून निदान अर्धा इंच दूर हवं.

कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही. 1976 ची गाडी असेल तर हेडर घेण्याआधी नियम वाचा.

टिकटिक ऐकून लिफ्टर बदलणं

थंड इंजिनात टिकटिक आणि तापल्यावर बंद, हा बहुतेकदा फ्लँजचा आवाज असतो. धातू फुगून फट मिटते. इंजिन बंद आणि थंड असताना शॉप व्हॅकची नळी फुंकणाऱ्या बाजूला जोडून एका टेलपाइपमध्ये घाला, दुसऱ्यात चिंधी कोंबा आणि फ्लँजवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे गळती आहे. जुनी गळती असेल तर काजळीचा काळा पट्टाही दिसतो.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळा. शेवी 350 च्या मूळ मॅनिफोल्डला मधले दोन 30 आणि बाहेरचे चार 20 फूट-पाउंड. अॅल्युमिनियम हेड असेल तर आट्यांना अँटी-सीझ लावा आणि हेड बनवणाऱ्याचा आकडा पाळा. हेडरसोबत आलेलं कागदी गॅस्केट फेकून द्या आणि ग्रॅफाइटचं किंवा मऊ अॅल्युमिनियमचं वापरा. पहिल्यांदा गरम करून पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा, शंभर मैलांनी आणखी एकदा. त्यानंतरही दर ऑइल बदलाला पाना फिरवून बघा. लॉक होणारे बोल्ट लावले तर हा फेरा वाचतो.