कार्बन डायऑक्साइडने घट्ट झालेले द्रावण पुन्हा पातळ करताना

महापे येथील आमच्या प्रयोगशाळेत सोडियम डोडेसिल सल्फेट (साबणासारखे काम करणारा पदार्थ) आणि टेट्रामिथाइल प्रोपेन डायअमाइन यांचे 2:1 मोल प्रमाणातील जलीय द्रावण कार्बन डायऑक्साइड सोडताच अपेक्षेप्रमाणे घट्ट होई, कारण त्या वायूमुळे डायअमाइनच्या दोन्ही टोकांना प्रोटॉन जोडले जाऊन ते दोन सल्फेट रेणूंना एकत्र बांधते आणि गोल मायसेलांच्या (पाण्यात अशा रेणूंच्या जमणाऱ्या पुंजक्यांच्या) जागी लांब, गांडुळासारखी, एकमेकांत गुंतणारी मायसेल तयार होतात. अडचण होती ती परतीच्या वाटेवर. कार्बन डायऑक्साइड हाकलण्यासाठी नायट्रोजन सोडला की फेस उसळून फ्लास्कच्या तोंडाबाहेर येई आणि काचेची दांडी उचलली तर तिला लागून येणारी द्रावणाची तार तुटतच नसे. बारीक छिद्रांचा स्पार्जर (द्रवात वायूचे बुडबुडे सोडणारे टोक) काढून रुंद तोंडाची नळी लावली, तापमान 60 अंश सेल्सिअस ठेवले आणि वायूचा वेग कमी केला, तेव्हा द्रावण सहज वाहू लागले. मात्र पुढच्या फेरीत घट्टपणा कमी भरला, कारण वायूबरोबर बाष्पनशील डायअमाइनही निघून जात होते. फ्लास्कवर उभा कंडेन्सर (वाफ थंड करून परत खाली पाडणारी नळी) बसवल्यावर ही गळती बरीच आटोक्यात आली. आम्ल आणि अल्कली आळीपाळीने घालूनही द्रावण घट्ट-पातळ करणे साधते खरे, पण दर फेरीला द्रावणात मीठ साचत जाते, त्यामुळे ती पळवाट मला पटत नाही.