टाकीत पाणी भरण्याआधी: स्टँड आणि पाइपांच्या या चुका टाळा

कुणी घरी माशांची मोठी टाकी बसवली की मला बघायला बोलावतात. वर मासे, झाडं, दिवे सगळं छान मांडलेलं असतं. मी खाली बसतो आणि स्टँडचं दार उघडतो. त्या दारामागे गेली कित्येक वर्षं मला त्याच त्या चुका दिसतात. पाणी भरल्यावर त्या दुरुस्त करायच्या म्हणजे टाकी उपसायची, मासे बादल्यांत ठेवायचे आणि पाइप करवतीने कापायचे. म्हणून ज्यांची टाकी अजून घरात आलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दहा दिवस थांबायची तयारी असेल तर यातली एकही चूक होणार नाही. घाई असेल तर बहुतेक सगळ्या होतील.

हिशेब सोपा जावा म्हणून एकच टाकी धरू: १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ६० उंच. खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळायची, कप्पे केलेली छोटी टाकी. वर ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी ज्यातून बाहेर पडतं ती जागा. तिथून पाणी ड्रेन पाइपने सम्पमध्ये उतरतं आणि सम्पच्या शेवटच्या कप्प्यातला पंप ते रिटर्न पाइपने परत वर पाठवतो. या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी कुठेतरी जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिटर्न पाइपचं तोंड खोल सोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती मी स्वतः केली आहे.

माझ्या पहिल्या सम्पवाल्या टाकीत रिटर्नचं तोंड मी पाण्याखाली १२ सेंटिमीटरवर ठेवलं होतं. पाणी तळापर्यंत फिरावं असं मला वाटत होतं. पंप बंद झाला की याच पाइपातून पाणी उलटं खाली येतं हे मला माहीत होतं. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा शिरेल आणि उलटा प्रवाह तुटेल, असा हिशेब. भोक पाडलं त्या दिवशी पंप बंद करून बघितलं, अगदी बरोबर चाललं. नंतर कधी बघितलं नाही.

चार महिन्यांनी रात्री लाइट गेले. दरम्यान त्या भोकात शेवाळ वाढलं होतं आणि त्यावर एक बारीक गोगलगाय चिकटून बसली होती. हवा शिरायला जागाच उरली नाही. टाकी थेट पाइपच्या तोंडापर्यंत, म्हणजे १२ सेंटिमीटर उतरली. १२ गुणिले ५.४, जवळपास ६५ लिटर पाणी खाली आलं. माझ्या सम्पमध्ये रिकामी जागा होती ३५ लिटरची. उरलेलं तीस लिटर स्टँडच्या तळावरून जमिनीवर आणि तिथून कपाटाखाली गेलं.

पण खरं नुकसान लाइट परत आल्यावर झालं. पंप सुरू झाला आणि त्याने टाकी पुन्हा भरायला घेतली, पण जमिनीवर सांडलेलं पाणी त्याला परत कुठून मिळणार? सम्पच्या शेवटच्या कप्प्यातली पातळी खाली खाली गेली, पंप हवा ओढायला लागला आणि त्याच कप्प्यातला हीटर उघडा पडून तापत राहिला. सकाळी पायाला गार पाणी लागलं तेव्हा मला कळलं. मी घाईघाईने सम्पमध्ये बादली ओतली आणि हीटरची काच टिचकन तडकली. ओला हीटर आणि हातात बादली, ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) होता, तो पडला, म्हणून मी सुखरूप राहिलो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रिटर्नचं तोंड पाण्याखाली दीड-दोन सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. तळापर्यंत प्रवाह हवा असेल तर वेगळा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा छोटा पंप) लावा. भोकं पाडायची तर दोन पाडा आणि दर आठवड्याला काच पुसताना दातकोरणं फिरवा, पण भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. तीच गोष्ट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (एनआरव्ही, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह). त्याच्या झडपेत वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा धागा अडकला की ती पूर्ण मिटत नाही. 'एनआरव्ही लावलाय ना, मग काळजी नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी काही न बोलता सरळ प्लग काढतो आणि काय होतं ते त्यांनाच बघू देतो.

सम्प भरायची रीतही सांगतो. सगळं चालू करून पाणी फिरू द्या. मग पंप बंद करा आणि वरचं पाणी यायचं थांबेपर्यंत थांबा. आता सम्प काठाखाली पाच सेंटिमीटरपर्यंत भरा. पंप पुन्हा सुरू करा. पातळी उतरून जिथे स्थिर होईल तिथे पक्क्या मार्करने रेघ मारा. चालू पंपावर त्या रेघेच्या वर कधीही पाणी भरायचं नाही. घरातल्या सगळ्यांना ती रेघ दाखवून ठेवा, कारण 'पाणी कमी दिसलं म्हणून भरलं' असं कुणीतरी करतंच.

उलटी बाजूही तपासा. ड्रेन एखाद्या पानाने तुंबला आणि पंप चालूच राहिला, तर शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. टाकीत वर चार सेंटिमीटर मोकळे असतील तर तिथे २१.६ लिटर मावतात. तुमचा कप्पा ३० लिटरचा असेल तर आठ लिटर बाहेर सांडणार, यात नशिबाचा काही भाग नाही. कप्पा लहान करा किंवा दुसरा, आणीबाणीचा ड्रेन द्या. मी तर एका ड्रेनवर चालणारी टाकी बांधतच नाही. हर्बी पद्धतीत दोन पाइप असतात: एक पूर्ण भरून वाहणारा, ज्यावर व्हॉल्व्ह असतो, आणि दुसरा थोडा उंच, कोरडा, फक्त अडचणीसाठी. बीन ॲनिमल पद्धतीत तीन. जास्तीचं भोक पाडायला आज अर्धा तास लागतो. भरलेल्या टाकीला ते पाडता येत नाही.

स्टँडचा पीळ आणि टाकीखालची घडी

आधी वजन बघा. आपल्या टाकीत साधारण ३०० लिटर पाणी, म्हणजे ३०० किलो. १२ मिलिमीटर काच असेल तर तिचे ७५ किलो. वाळू-दगड ५०, खालच्या सम्पमधलं पाणी ७०, स्टँड वेगळाच. पाचशे किलोच्या वर गेलात, आणि ते सगळं अर्ध्या चौरस मीटरच्या जागेवर. अनेक देशांच्या बांधकाम संहितांत घराच्या खोलीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो धरतात. तो खोलीभर पसरलेला धरलेला असतो, त्यामुळे एवढी टाकी ठेवली की जमीन खचेल असं नाही. पण ती भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको. याहून बरीच मोठी करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

वजन पेलण्याचं काम उभ्या खांबांनी करायचं असतं. वरची चौकट थेट खांबांच्या डोक्यावर बसली पाहिजे. चौकट खांबांच्या बाजूला स्क्रूने टांगली की सगळा भार त्या चार-आठ स्क्रूंवर येतो. हे मी नेहमी बघतो, तरी अशा स्टँडच्या समोर उभं राहायला मला भीती वाटते. मागे प्लायची फळी किंवा तिरकी पट्टी हवीच, नाहीतर धक्का लागला की चौकोन कलतो. पार्टिकल बोर्ड नको. त्याच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं की तो पावासारखा फुगतो आणि परत बसत नाही.

आता पीळ. माझ्या एका मित्राने लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते. त्याच्या एका कोपऱ्यात तीन मिलिमीटरचा फरक होता. टाकी ठेवल्यावर डुगडुगली, तर त्याने पुठ्ठ्याची घडी करून त्या कोपऱ्यात टाकी आणि चौकट यांच्यामध्ये सरकवली. डुगडुग थांबली, सगळे खूश. पाच आठवड्यांनी पहाटे त्याचा फोन आला. मी गेलो तेव्हा तळकाचेला बरोबर त्या पुठ्ठ्यापासून सुरू होऊन तिरकी भेग गेली होती, पाणी थेंबाथेंबाने येत होतं आणि मित्र दोन्ही हातांनी टॉवेल दाबून बसला होता. आम्ही तीन तास उपसत होतो. मासे वाचले, टाकी गेली.

काच सपाट आधारावर शेकडो किलो सहज पेलते. एका बिंदूवर उचलली की पेलत नाही. म्हणून पाचर घालायची ती स्टँडच्या पायाखाली. टाकीच्या खाली कधीच नाही.

पीळ शोधायला सुतारांची जुनी युक्ती वापरा. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे तिरके ताणा. मध्ये जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोन्ही दोरे नुसते टेकले पाहिजेत. मध्ये फट दिसली, किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर चौकटीत पीळ आहे. मग वरच्या दोऱ्याला खाली आणि खालच्याला वर करून पुन्हा बघा, म्हणजे खात्री होते. पीळ असलेला स्टँड परत पाठवा. 'वरून फोम टाकतो, जुळून जाईल' असं वेल्डर म्हणेल. फोम बारीक खडे आणि खरबरीतपणा सामावून घेतो, पीळ नाही. चौकट नसलेल्या, सपाट तळाच्या टाकीखाली मी १८ मिलिमीटर प्लाय आणि त्यावर पातळ फोम टाकतो. खालून प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला फोम घालू नका. तिची तळकाच अधांतरी असते, फोम तिला मधूनच वर दाबतो.

पाणसळ रिकाम्या स्टँडवर लावा, आणि टाकी अर्धी भरल्यावर पुन्हा तपासा. तेव्हा पाणसळ नसली तरी चालते. पाणी स्वतःच सपाट असतं. चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि फरक बघा.

सम्प आत जातो, बाहेर येत नाही

चौकटीत सम्प ठेवून मग मधला खांब वेल्ड करणारे लोक आहेत. सम्प कधीतरी गळणार आहे, तेव्हा तो कसा काढणार? दाराची मोकळी जागा सम्पपेक्षा मोठी हवी. त्याच्या वर स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप उचलून काढता येईल एवढी उंचीही हवी. स्टँडचं माप ठरवताना मी कागदावर आधी सम्प काढतो, मग पंप, मग पाइप आणि शेवटी टाकी. बहुतेक लोक उलट जातात, आणि मग टाकीच्या मागे पाइपला जागा नसते. भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर ठेवा. तुमचा हात आणि पाना दोन्ही तिथे जायला हवेत.

पाइपांच्या बाकी गोष्टी

ड्रेन नेहमी रिटर्नपेक्षा जाड घ्या. रिटर्नला पंप ढकलतो, ड्रेनमधलं पाणी नुसतं आपल्या वजनाने उतरतं.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. सोबतचा आलेख बघा. खोक्यावर लिहिलेल्या कमाल उंचीला प्रवाह शून्य असतो, आणि तुमची उंची त्याच्या मध्येच कुठेतरी येते. प्रत्येक काटकोनी एल्बो त्यातून आणखी कापतो. दोन ४५ अंशांचे वापरता आले तर तेच वापरा.

पंपाचा प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या पाइपवर लावा. पंप पाणी ओढतो त्या तोंडाशी कधीच नाही. ड्रेनचा प्रवाह बारीक जुळवायला गेट व्हॉल्व्ह घ्या, बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तरी खूप बदलतो. आणि पंपाजवळ युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड) लावा. युनियन न लावणाऱ्याला पहिल्या सफाईला करवत लागते.

पितळी, तांब्याची किंवा गॅल्व्हनाइज्ड फिटिंग नको. तांबं झिंग्यांना आणि समुद्री टाकीतल्या अपृष्ठवंशी जिवांना अगदी कमी प्रमाणातही मारतं.

टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पडत नाही, ती तुकडे तुकडे होते. तळकाच टफन्ड आहे का हे बनवणाऱ्याकडून आधी लिहून घ्या. साध्या काचेला हिरा-कटरने, पाणी सोडत, दाब न देता पाडा, आणि कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर ठेवा.

टँक कनेक्टरचं (काचेच्या भोकात पाइप बसवणाऱ्या जोडाचं) रबर फ्लॅन्जच्या, म्हणजे त्याच्या रुंद कडेच्या बाजूला, नटच्या बाजूला नाही. हाताने घट्ट करून वर पाव फेरा. पान्याने जोर लावून काच तडकवलेले मी पाहिले आहेत.

वायर सॉकेटला वरून येऊ देऊ नका. आधी खाली झोळ द्या, मग वर. म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटात जात नाही. बोर्ड स्टँडच्या बाजूला उंचावर लावा, सम्पच्या वर नाही.

जोड आणि पाण्याची चाचणी

सॉल्व्हंट (पाइप चिकटवणारं द्रावण) लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघा, आणि प्रत्येक जोडावर मार्करने आडवी रेघ मारा, म्हणजे एल्बोची दिशा चिकटवताना चुकणार नाही. कोरडा पाइप सॉकेटात पूर्ण जात नाही, सॉल्व्हंट लावल्यावर आत सरकतो. म्हणून पाइपची लांबी सॉकेटची खोली मोजून ठरवा, कोरड्या जुळणीवरून नाही. कापलेली कड घासा, दोन्ही बाजूंना सॉल्व्हंट लावा, पाव फेरा देत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी सोडू नका. नवशिक्या माणसाचा संयम नेमका इथेच सुटतो.

मग साधं पाणी भरा. माती, वाळू, मासे काही नको. दोन दिवस चालू ठेवा आणि त्यात कमीत कमी तीनदा मेन स्विच बंद करा: एकदा दिवसा, एकदा रात्री, आणि एकदा ड्रेनच्या तोंडावर हात ठेवून. प्रत्येक वेळी मी टिश्यू पेपरचा कपटा घेऊन सगळ्या जोडांखालून फिरवतो. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. कपटा ओला झाला तर तो जोड कापून नवा करतो. वरून सिलिकॉन फासत नाही, पीव्हीसीला ते नीट धरत नाही आणि महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटून येतं.