पिकअपमागे ट्रेलर: आधी वजनाचा हिशोब, मग ॲव्हरेजचा

पिकअपच्या माहितीपत्रकात ‘३,५०० किलो ओढते’ असं छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो, पण तो जवळजवळ रिकाम्या पिकअपचा असतो. एसएई जे२८०७ या ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या प्रमाणित चाचणीत गाडीत चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी ६८ किलोचे. मागे बसलेली मुलं, हौद्यातलं सामान, नंतर बसवलेलं झाकण किंवा लोखंडी गार्ड यांतलं काहीही त्यात नसतं. म्हणून ट्रेलर निवडताना सुरुवात या आकड्यापासून करू नका. सुरुवात करायची ती पिकअप स्वतःच्या अंगावर किती भार घेऊ शकते, इथून.

लागणारे आकडे असे. पिकअपचं जास्तीत जास्त एकूण वजन (जीव्हीडब्ल्यूआर) आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पाटीवर मिळते. पिकअप आणि ट्रेलर मिळून चालणारं वजन (जीसीडब्ल्यूआर) मॅन्युअलमध्ये असतं. हिचवर (ट्रेलर जोडायच्या पिकअपमागच्या भागावर) वेगळी पाटी असते आणि बॉलवर, म्हणजे त्याच्या गोळ्यावर, उभा भार किती चालेल हे तीवर लिहिलेलं असतं. यांतली जी मर्यादा आधी भरेल, ती तुमची खरी मर्यादा.

उदाहरण घेऊ. पिकअप टाकी फुल असताना २,४५० किलो, एकूण मर्यादा ३,२०० किलो, जोडीची मर्यादा ६,१०० किलो. म्हणजे अंगावर घेण्यासाठी ७५० किलो उरतात. चार माणसं ३००, हौद्यातलं सामान १५०, हिचचा सुटा भाग ३०, झाले ४८०. राहिले २७०. एवढाच भार ट्रेलरचं नाक (पुढचा जोडायचा दांडा) बॉलवर टाकू शकतं. नाकावर ट्रेलरच्या वजनाच्या १२ टक्के भार धरला, तर भरलेला ट्रेलर जास्तीत जास्त २,२५० किलोचा. जोडीच्या मर्यादेत मात्र ३,१७० किलो बसत होते आणि माहितीपत्रकात ३,५००. लोक चुकतात ते इथेच: इंजिन आरामात ओढतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं आणि मागचे पाटे, टायर आणि बेअरिंग मर्यादेपलीकडे गेलेले असतात.

मागच्या ॲक्सलवर २७० किलोच पडतात असंही नाही. बॉल ॲक्सलच्या मागे असतो, त्यामुळे तिथे तरफ तयार होते. बॉल ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३.५ मीटर असेल, तर मागे साधारण ३६० किलो वाढतात आणि पुढचे ९० उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागणं, रात्री हेडलाइटचा झोत वर जाणं ही त्याचीच लक्षणं. भार वाटणारं हिच (स्प्रिंगबार असलेलं) हे वजन पुन्हा पुढे ढकलतं. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा, समजा ९०० मिलिमीटर. जोडल्यावर ९३० झाली, तर बार इतके ताणा की ती ९१५ च्या आसपास येईल. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. मूळ उंचीच्या खाली मात्र आणू नका, मागची चाकं हलकी होतात. या हिचमुळे पिकअपची एकूण मर्यादा वाढते असा समज आहे. ती एका किलोनेही वाढत नाही.

नाकावरचा भार १० ते १५ टक्के ठेवा, हा नियम बॉलवर जोडायच्या साध्या ट्रेलरचा. हौद्यात जोडायच्या फिफ्थ-व्हीलला १५ ते २५ टक्के लागतात. काही देशांतले ट्रेलर मुळात ४ ते ७ टक्क्यांसाठी बनवलेले असतात, तिथे पाटीवरचा आकडाच प्रमाण. साध्या ट्रेलरमध्ये दहाच्या खाली गेलं की तो उलाळ (मागे जड) होतो आणि वेग वाढताच शेपटी हलवू लागतो. पंधराच्या वर गेलं की पिकअपचं नाक उचललं जातं. जड सामान ॲक्सलच्या जरा पुढे आणि खाली ठेवा. साधारण ६० टक्के वजन ॲक्सलच्या पुढे. पाण्याच्या टाकीकडे खास लक्ष द्या: १५० लिटर म्हणजे १५० किलो. टाकी ॲक्सलच्या मागे असेल, तर ती भरली की नाकावरचा भार कमी होतो.

अंदाजावर राहू नका, काट्यावर न्या. प्रवासाला निघताना असेल तसाच सगळा लवाजमा भरून, माणसं बसवून:

१. जोडी काट्यावर घ्या. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगवेगळं नोंदवा. स्प्रिंगबार असतील तर आधी सैल करा.
२. ट्रेलर सोडून फक्त पिकअपचं वजन करा.
३. जोडलेल्या पिकअपच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून सुट्या पिकअपचं वजन वजा करा. हा नाकावरचा भार.
४. जोडीच्या एकूण वजनातून सुटी पिकअप वजा केली की ट्रेलरचं खरं वजन मिळतं.
५. बार परत ताणा आणि जोडीचा काटा पुन्हा करा. ॲक्सलच्या मर्यादा या वजनाशी ताडून बघा, कारण रस्त्यावर गाडी याच स्थितीत चालणार.

काटा जवळ नसेल तर घरच्या वजनयंत्रावर नाकाचा भार मोजता येतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना उटी (अडसर) लावा. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं वजनयंत्रावर. दोन्ही एका पातळीत हवीत. कपलर (नाकाचं बॉलवर बसणारं टोक) विटेपासून ३० आणि यंत्रापासून ६० सेंटिमीटरवर टेकवा. यंत्रावर जे दिसेल त्याची तिप्पट करा.

ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताने चालणारा ट्रेलर-ब्रेक असेल तर तो हलकेच लावा. मग थांबून सामान पुढे सरकवा. वेग कमी ठेवून तसंच पुढे जाणं हा उपाय नाही.

आता ॲव्हरेज. सपाट रस्त्यावर इंधन वजनापेक्षा हवेला ढकलण्यात जास्त जातं, हे बहुतेकांना पटत नाही, म्हणून गणितच मांडतो. २,५०० किलोच्या ट्रेलरची चाकं फिरवायला डिझेल पिकअपला १०० किलोमीटरमागे साधारण २ लिटर जादा लागतात, वेग काहीही असो. पिकअपच्या टपापेक्षा उंच, चौकोनी तोंडाचा ट्रेलर असेल तर हवेसाठी ताशी ९० ला आणखी ४ ते ५ लिटर, आणि ११० ला ६ ते ७. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ९० वरून ११० म्हणजे जवळजवळ दीडपट. एकटी धावताना लिटरला ११ किलोमीटर देणारी पिकअप ताशी ९० ला साडेसहाच्या आसपास आणि ११० ला, ती स्वतःही जास्त पिते म्हणून, पाचवर येते. तेवढ्याच वजनाचा, पण बुटका सपाट ट्रेलर पुष्कळ कमी पितो. पैसे वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय म्हणून वेग कमी ठेवणं हाच. टपावरचा वारा वळवणारा पंख किंवा हौद्याचं झाकण यांनी पडणारा फरक त्यापुढे किरकोळ.

वजनाचा हिशोब घाटात चुकता होतो. २,५०० किलो ५०० मीटर वर चढवायला सुमारे एक लिटर डिझेल जातं. पाच टनांची जोडी थांबून पुन्हा ९० वर नेली की दरवेळी लिटरचा आठवा भाग जातो, म्हणून सिग्नल लांबून दिसला की पाय आधीच काढा. टो मोड (ट्रेलर ओढतानाची गाडीतली सेटिंग) सुरू ठेवा: त्याने गिअर सारखे वर-खाली होत नाहीत, गिअरबॉक्सचं तेल कमी तापतं आणि उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. उंच घाट असेल तर मर्यादेच्या काठावर भरून निघू नका.

टायरमध्ये हवा सकाळी, गार असताना भरा, आणि ट्रेलरच्या टायरवर वेगाची मर्यादा वाचा. ती पुष्कळदा पिकअपच्या टायरपेक्षा कमी असते. हवा कमी असलेला टायर इंधन खातो, पण त्याआधी तापून फुटतो.

स्क्रीनवरचं ॲव्हरेज धरून चालू नका. टाकी फुल करा, जाऊन-येऊन चालवा म्हणजे वारा आणि चढ दोन्ही दिशांनी मोजले जातील, पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. जो आकडा येईल त्यावरून टाकीत किती अंतराचं इंधन आहे ते काढा: ८० लिटर आणि साडेसहाचं ॲव्हरेज म्हणजे कागदावर ५२० किलोमीटर, पण समोरचा वारा धरून पाव टाकी उरली की पंप शोधायचा.