मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि विमानात बसायचं किती तास, घरबसल्या कसं काढायचं

आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेला निघाले की एकच विचारतात, किती तास बसायचं रे? आणि तिकिटावर बघावं तर, समजा, रात्री १:३० ला मुंबईहून निघणार आणि त्याच दिवशी सकाळी ७:५५ ला न्यूयॉर्कला पोचणार, म्हणजे त्यांना वाटतं साडेसहा तासांत पोचलो पण!

तर आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा आफ्रिकेवरून जातच नाही, तो वर सरकतो, सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून खाली न्यूयॉर्क. मला हे अजूनही भारी वाटतं, एकदा तरी करून बघाच. कॉम्प्युटरवर करायचं तर गूगल मॅप्समध्ये मुंबई विमानतळावर राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स घ्या आणि मग न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर क्लिक करा, साधारण १२,५३० किमी येईल. हेच मैलात ७,७९० च्या आसपास आणि नॉटिकल मैलात ६,७७० च्या आसपास, कारण नॉटिकल मैल १.८५२ किमीचा असतो आणि साधा मैल १.६०९ चा. वेगवेगळ्या साइटवर वेगळे आकडे दिसले की आधी एकक बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

आता वेळ. मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किमीच्या आसपास जातात, म्हणजे भागाकार केला की १४ तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं ह्याचा अर्धा तास धरा. पण जाताना प्रत्यक्षात १६ च्या आसपास लागतात कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाताना ते समोरून येतात, शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला. म्हणून हिशोब झाला की फ्लाइटरडार ह्या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तोच फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांत खरंच किती वेळ लागला ते बघाच.

तिकिटावरून काढायचं तर दोन्ही वेळा आधी भारताच्या वेळेत आणा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळचे ७:५५ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:२५, त्यातून १:३० वजा केले की १५ तास ५५ मिनिटं. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, तेव्हा त्याच वेळा लिहिलेल्या असतील तर तास एकाने वाढवा. येताना वारा पाठीशी असतो म्हणून तासभर तरी वाचतो.

आणि बाबांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर हे तास घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, कुठली गोळी कधी ते कागदावर लिहून घ्या, आणि उतरेपर्यंत बाबांच्या घड्याळात भारताचीच वेळ राहू द्या.