बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं असं नाही

मोठ्या वेबसाइटचं ॲडमिनपद माझ्याकडे आलं तेव्हा तिच्यावर बातम्या, भरती, निकाल, निविदा असे वीसेक विभाग होते आणि साठेक लॉगिन. 'मला हे पान बदलता येत नाहीये,' असा फोन आला की मी त्या माणसाच्या खात्याला थेट परवानगी देऊन टाकायचे. काम लगेच व्हायचं, समोरचाही खूश. सहा महिन्यांनी कुणाला काय काय करता येतं हे मलाच सांगता येईना.

नव्याने या कामात येणाऱ्यांना म्हणूनच आधी हे सांगते: परवानगी माणसाला देऊ नका, रोलला (म्हणजे कामाच्या भूमिकेला) द्या आणि माणसाला रोल द्या. फेरायोलो आणि कून या संगणक-सुरक्षेच्या संशोधकांनी 1992 मध्ये हीच मांडणी केली होती. 'भरती-लेखक', 'भरती-संपादक' अशी साधी नावं पुरतात. वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार रोल असतात: कॉन्ट्रिब्युटर लिहितो पण प्रकाशित करू शकत नाही, ऑथर फक्त स्वतःचं प्रकाशित करतो, एडिटर सगळ्यांचं. पण तिथला एडिटर अख्ख्या साइटचा असतो, एका विभागाचा नव्हे. विभागवार मर्यादा हवी असेल तर ती वेगळी बसवावी लागते. मला वाटतं, बहुतेक नवे लोक इथेच फसतात.

मी फसले ते मात्र वेगळ्या जागी. बातम्यांच्या लोकांना भरतीची पानं बदलता येऊ नयेत म्हणून त्यांच्या स्क्रीनवरचं 'संपादन' बटण मी लपवलं आणि निश्चिंत झाले. त्यांच्यातल्या एकाने ब्राउझरमध्ये जुना बुकमार्क ठेवला होता. त्यावरून भरतीचं संपादन-पान सरळ उघडलं. आपण वेगळ्याच पानावर आहोत हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने तारीख बदलली, सेव्ह केलं. अर्जाची शेवटची तारीख दोन तास चुकीची दिसत होती आणि अर्ज भरणारे घाबरून फोन करत होते. तो दिवस मी विसरलेले नाही. त्या माणसाची चूक नव्हतीच. परवानगी आहे की नाही हे प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरने तपासायला हवं होतं, आणि मी फक्त बटण झाकलं होतं. हा घोळ किती सर्रास होतो बघा: ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत ढिलं प्रवेश-नियंत्रण पहिल्या क्रमांकावर होतं, 2017 मध्ये ते पाचव्या क्रमांकावर होतं.

तेव्हापासून प्रत्येक रोलचं एक चाचणी-खातं ठेवते. खाजगी विंडोत त्या खात्याने लॉगिन करायचं आणि दुसऱ्या विभागाच्या संपादन-पानाचा पत्ता थेट टाकायचा. नकार यायलाच हवा. काय करता येतं हे सगळेच तपासतात, काय करता येत नाही हे तपासायला वेळ द्या. स्वतःच्या ॲडमिन खात्यावरून यातलं काहीच कळत नाही. वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या सॉफ्टवेअरमध्ये तर पहिलं खातं मुळातच सगळ्या तपासण्या ओलांडून जातं.

रजेवरच्या माणसाच्या जागी कुणाला परवानगी दिली तर ती काढायची तारीख त्याच वेळी लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड असतं ते परवानगी काढणं. लोकांना तो मानाचा प्रश्न वाटतो. निकाल विभागातून बदली झालेल्या एका बाईंचा जुना रोल मी त्याच दिवशी काढला, तर त्या दुखावल्या. 'इतकी वर्षं काम केलं, माझ्यावर विश्वास नाही का?' मी त्यांच्याजवळ बसले आणि बदलांची नोंदवही उघडून दाखवली: कोणत्या पानावर, किती वाजता, कोणाच्या नावाने. म्हटलं, 'उद्या तिथे काही बिघडलं आणि तुमच्याकडे परवानगी असली, तर पहिला फोन तुम्हाला येईल.' त्या थोडा वेळ यादी वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, 'निविदांचंही काढून टाका, तिकडे मी दोन वर्षांत गेलेले नाही.'