मांजर काय सांगतंय ते ओळखायचं कसं

मांजर माणूसघाणं असतं असं म्हणणारे खूप भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. ते दिवसभर बोलतच असतं, फक्त तोंडाने कमी आणि अंगाने जास्त.

आधी शेपटी बघायची. उभी शेपटी, टोक जरासं वाकलेलं, म्हणजे खुशीत तुमच्याकडेच येतंय. शेपटी फटाफट आपटतंय म्हणजे वैतागलंय, कुत्र्यासारखं आनंदात नाही, हात बाजूला घ्या. शेपटी फुगलेली आणि पाठीची कमान, म्हणजे घाबरलंय, अशा वेळी उचलायला जाऊच नका.

सगळ्यात जास्त गैरसमज पोटाचा. समोर येऊन लोळतं, पोट वर करतं, आपण लाडात हात घालतो आणि बोचकारे खातो. त्याचा अर्थ तुझ्यावर विश्वास आहे एवढाच असतो, पोट चोळ असा नाही. गालावर, हनुवटीखाली खाजवा, तिथे बहुतेक मांजरांना आवडतं. आमचं मांजर उगाच चावतं असं मला वाटायचं, मग नीट बघितलं तर आधी पाठीची कातडी थरथरते, मग कान बाजूला वळतात, मग शेपटीचं टोक हलायला लागतं आणि तरीही आपण कुरवाळतच राहिलो की चावतं. म्हणजे तीनदा सांगून झालेलं असतं!

पायाला गाल घासतं तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तुमच्यावर लावतं, हा आपला माणूस म्हणून. मांडीवर पंजांनी मळतं ती पिल्लू असतानाची दूध पितानाची सवय. तुमच्याकडे बघून डोळे हळूच मिटले तर तुम्हीपण तसेच हळू मिटा, रोखून बघू नका, त्यांना ती धमकी वाटते.

घुर्रघुर्र म्हणजे नेहमी मजेतच असं नाही, दुखत असतानाही घुरघुरतात. म्हणून एकच खूण धरून बसू नका, रोजच्यापेक्षा काय बदललं ते बघा. एकदम कोपऱ्यात लपून बसणं, अंग चाटणं बंद करणं, उंच उडी टाळणं, यात बहुतेकदा दुखणं असतं, आणि मांजर दुखणं लपवण्यात पक्कं असतं. दिवसभर काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. आणि बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लघवीचा मार्ग बंद झाला असेल तर जिवावर बेततं, रात्र असली तरी तसंच उचलून न्या.