बंगाली मजुराला ‘बांगलादेशी’ म्हणून उचललं तर: सीमेपार ढकलण्याआधी काय करायचं

वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, जालन्याच्या रोलिंग मिल, नांदेड-लातूरचा सराफा, गावोगावची सेंट्रिंगची कामं. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद, मालदा, बीरभूमची माणसं आपल्याकडे मराठवाड्यात या सगळ्या ठिकाणी राबतात. मे २०२५पासून अशा माणसांवर देशभर नवं संकट आलं आहे. चौकशीला नेतात, आधार कार्ड बाजूला ठेवतात आणि बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) ताब्यात देऊन रात्रीतून सीमेपलीकडे ढकलतात. बांगलादेशच्या सीमा दलाच्या आकड्यानुसार ७ मे ते १५ जून २०२५ या काळात १५००हून जास्त लोक असे पाठवले गेले. त्यांत भारतीय नागरिकही होते. मुंबई परिसरातून नेलेल्या मुर्शिदाबाद आणि बर्धमानच्या काही मजुरांना जूनच्या मध्यावर परत घ्यावं लागलं.

बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीत पकडून २६ जूनला पलीकडे पाठवलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला तिला परत आणायचा आदेश दिला आणि ती डिसेंबरमध्ये परतली. म्हणजे कागद बाजूने, कोर्ट बाजूने, तरी पाच महिने गेले. म्हणून सगळा जोर माणूस जिल्ह्याबाहेर जाण्याआधी लावायचा. नंतर काम दहापट अवघड होतं.

आधीच करून ठेवायची फाइल

आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र हवंच, पण त्यावर विसंबू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं की एवढ्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याचा भारही त्या माणसावरच असतो. १ सप्टेंबर २०२५ला नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, तरी हे बदललेलं नाही.

काय दाखवायचं ते जन्मतारखेवर ठरतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला असेल, तर जन्माचा पुरावा पुरतो. त्यानंतर २ डिसेंबर २००४पर्यंतच्या जन्मासाठी आई किंवा वडील भारतीय असल्याचा पुरावाही लागतो. त्याहून धाकट्या पोरांसाठी दोघांचे कागद ठेवा.

वजन असलेले कागद असे: आई-वडिलांचं नाव असलेली २००२ची मतदार यादी (पश्चिम बंगालच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते), जमिनीचा पर्चा (आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा) किंवा दलिल (खरेदीखत) (पर्चा पश्चिम बंगालच्या बांगलारभूमी पोर्टलवर निघतो), जन्मदाखला, आणि माध्यमिक म्हणजे दहावीच्या परीक्षेचं ॲडमिट कार्ड. तिकडे वयाचा पुरावा म्हणून हे कार्ड सर्रास चालतं. बापाचं आणि लेकाचं नातं दाखवणारा एक तरी कागद हवा, नाहीतर २००२ची यादी नुसती लटकत राहते. घाईघाईत नवा जन्मदाखला काढायला जाऊ नका. महाराष्ट्रात २०२५मध्ये उशिरा नोंदलेल्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली, त्यामुळे ताज्या तारखेचा दाखला उलट संशय वाढवतो.

बहुतेक प्रकरणं नावाच्या घोळावर अडतात. एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘एस. के.’, तिसऱ्यावर ‘मोहम्मद’चं ‘मो.’. मंडल आणि मोंडल. बाईचं लग्नाआधी ‘खातून’ आणि लग्नानंतर ‘बीबी’. हे सगळं एकाच माणसाचं आहे असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र आज करून ठेवा. कोठडीत बसून ते होत नाही.

तीन संच करा: एक गावी, एक ठेकेदाराकडे किंवा घरमालकाकडे, एक दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये. मजुराच्या स्वतःच्या फोनवर भिस्त ठेवू नका, कारण पहिल्यांदा जातो तो फोनच. ठेकेदाराने हजेरीपट, पगाराच्या नोंदी आणि भाडेकरू म्हणून पोलिसांत दिलेल्या माहितीची प्रत जपावी. हजेरीपटच नसलेले ठेकेदार आपल्यावर बालंट येईल म्हणून त्या रात्री फोन बंद करतात, हे गृहीत धरूनच दुसरा संपर्क ठेवा.

उचलल्यावर

कोणत्या ठाण्याचे पोलीस, गाडीचा नंबर, वेळ, सोबत कोण होतं, हे लगेच लिहून काढा. ‘चौकशीसाठी आणलंय, सकाळी सोडतो’ हे ऐकून लोक फाटकाबाहेर रात्र काढतात. तसं करू नका. माणसाला उठून बाहेर जाता येत नसेल तर ती कोठडीच आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

ठाण्यात हा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर हाच मजकूर पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्तांना) ईमेल करा. वेळ नोंदली जाणं महत्त्वाचं:

‘श्री. ___, रा. ___, जि. ___, पश्चिम बंगाल, यांना दि. ___ रोजी ___ वाजता आपल्या ठाण्यात आणले आहे. ते भारतीय नागरिक असून पुरावे सोबत जोडले आहेत. अटक असल्यास लेखी कारणे त्यांना समजणाऱ्या भाषेत द्यावीत, वकिलाला भेटू द्यावे व २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे. अटक नसल्यास त्वरित सोडावे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्यांना जिल्ह्याबाहेर नेऊ नये. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.’

यातल्या बहुतेक मागण्यांना कायद्याचा आधार आहे: राज्यघटनेचं कलम २२, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ३८, ४७ आणि ५८ ही कलमं. सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२०चा आदेश आहे. बंगाली माणसाला मराठीतली कारणं वाचून दाखवणं चालत नाही.

पडताळणीबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मे २०२५च्या सूचनेत ३० दिवसांची मुदत आहे. वर सांगितलेल्या बीरभूमच्या प्रकरणात माणसं दोन दिवसांत पाठवली, यावरच न्यायालयाने बोट ठेवलं. पडताळणीचं इथलं पत्र तिकडच्या जिल्ह्यात जातं आणि बऱ्याचदा तिथेच पडून राहतं. घरच्यांना त्यांच्या ठाण्यात बसवा, उत्तराचा जावक क्रमांक घ्यायला लावा, प्रत स्वतः मागवून इथे द्या. पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळालाही त्याच दिवशी कळवा.

खंडपीठात

२४ तास उलटले आणि दंडाधिकाऱ्यांपुढे आणलं नाही, किंवा कुठे आहे हेच सांगत नाहीत, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस (माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका). मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी ठिकाण तेच. राज्य आणि पोलीस यांच्यासोबत केंद्र सरकार आणि बीएसएफलाही प्रतिवादी करा. त्यांना वगळलं तर ‘आम्ही पुढे सोपवलं’ एवढं एकच उत्तर मिळतं. ‘अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये’ ही अंतरिम मागणी पहिल्या पानावर यावी. सुट्टी असेल तर प्रबंधकांकडे तातडीचा उल्लेख करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० लावा.

नेलंच तर

कोणत्या विमानाने, कोणत्या बीएसएफ छावणीत, हे लेखी विचारा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करा आणि घरच्यांना कलकत्ता उच्च न्यायालयात पाठवा. जूनमधले मजूर दोन्हीकडच्या सीमा दलांच्या फ्लॅग मीटिंगमधून (सीमेवरच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीतून) परतले. त्यासाठी पंचायत, स्थानिक ठाणे आणि बीएसएफ छावणी या तिघांकडे कागद एकाच वेळी पोचायला हवेत. पलीकडून फोन आला तर एकच सांगा: स्वतःहून रात्री कुंपण ओलांडू नकोस. गोळी लागण्याचा धोका तर आहेच, शिवाय बेकायदा घुसल्याचा खरा गुन्हा त्यामुळे तयार होतो.

माणूस खरंच परदेशी असेल तर

तरीही मारून-ढकलून पाठवायची कुणाला मुभा नाही. त्याच्या देशाच्या उच्चायुक्तालयाकडून ओळख पटवून, प्रवासाचे कागद घेऊन सोपवायचं असतं. म्यानमारमधून आलेला रोहिंग्या किंवा युद्धातून पळून आलेल्याची गोष्ट वेगळी. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. पण राज्यघटनेचं कलम २१ (जगण्याचा हक्क) फक्त नागरिकांपुरतं नाही, आणि रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये ठरलेल्या पद्धतीशिवाय पाठवू नये असं म्हटलं. विद्यापीठातल्या येमेनी विद्यार्थ्यासारख्याचा व्हिसा संपत आला आणि मायदेशी जिवाला धोका असेल, तर मुदत उलटायच्या आत दिल्लीतल्या यूएनएचसीआरकडे (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे) नोंदणी करा. पोलिसांनी पकडल्यावर केलेला अर्ज बनाव वाटतो.